निर्दोष, तरीही बाद!

डोक्याला ताप देणारा सोमवार संपल्यावर तुम्ही काय बघता? मी मूकपट बघते. हसू नका! दोन रिळं, जेमतेम वीस मिनिटं, संवाद नाहीत, नुसती धमाल. त्यातला माझा फेव्हरिट रॉस्को आर्बकल, म्हणजे पडद्यावरचा ‘फॅटी’. पडद्याबाहेर मात्र कुणी ‘फॅटी’ म्हटलेलं त्याला अजिबात खपायचं नाही.

१९१३ मध्ये तो कीस्टोन स्टुडिओत आला. अंगाने अगडबंब, पण चपळाई अशी की बघत राहावं. १९१७ च्या ‘द बुचर बॉय’मध्ये त्याने एकवीस वर्षांच्या एका पोराला पहिल्यांदा सिनेमात आणलं. तो पोरगा म्हणजे बस्टर कीटन!

मग आला सप्टेंबर १९२१. सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलात आर्बकलच्या खोल्यांमध्ये पार्टी होती. तिथे व्हर्जिनिया रॅपी ही अभिनेत्री आजारी पडली आणि मूत्राशय फुटल्यामुळे चार दिवसांनी गेली. आर्बकलवर मनुष्यवधाचा खटला भरला. हर्स्टच्या पेपरांना तर पर्वणीच! आर्बकल राक्षस ठरला आणि गेलेल्या व्हर्जिनियाच्या अब्रूचीही लक्तरं निघाली.

दोन खटल्यांत ज्यूरीचं एकमत झालं नाही. तिसऱ्यात, एप्रिल १९२२ मध्ये, ज्यूरीने काही मिनिटांत त्याला निर्दोष ठरवलं. वर त्याच्यावर अन्याय झाल्याचं लेखी निवेदनही दिलं. सुटला? छे! सहाच दिवसांनी इंडस्ट्रीने नेमलेल्या विल हेज यांनी त्याच्यावर बंदी घातली. डिसेंबरात ती उठली, पण पडद्याची दारं बंदच राहिली. मग वडिलांच्या नावावरून ‘विल्यम गुडरिच’ हे टोपणनाव घेऊन तो दिग्दर्शन करत राहिला. कीटनने मात्र दोस्ती सोडली नाही.

१९३२ मध्ये वॉर्नरने त्याला पुन्हा शॉर्ट्समध्ये घेतलं. या वेळी बोलक्या! पब्लिक परत हसू लागलं. आणि २९ जून १९३३ ला, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो झोपेतच गेला.

कोर्टाचा निकाल आतल्या पानावर येतो, आरोप मात्र पहिल्या पानावर. मोबाइलच्या जमान्यात आपण वेगळं काय करतो? पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एवढं आठवलं तरी पुष्कळ.

आणि हो, १९१७ चा ‘कोनी आयलंड’ नक्की बघा. चेहऱ्यावरची रेषही न हलवण्यासाठी प्रसिद्ध झालेला कीटन त्यात चक्क खळखळून हसतो.