ताटातला पदार्थ आणि रांधणारे हात

टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेत वेगळ्या धर्माचा, जातीचा, प्रदेशाचा माणूस पुढे गेला की प्रेक्षकांत कुजबुज का सुरू होते? आणि या कुजबुजीचा मराठवाड्याच्या चुलीशी काय संबंध?

७ ऑक्टोबर २०१५. बीबीसीवरच्या ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या स्पर्धेची अंतिम फेरी. ती पाहणाऱ्यांचा आकडा दीड कोटीच्या घरात गेला. जिंकली नादिया हुसेन. आईवडील मूळचे बांगलादेशी, जन्म ब्रिटनमधल्या लुटनचा, डोक्याला स्कार्फ, तीन लेकरांची आई. तिनं लिंबाच्या चवीचा लग्नाचा केक केला आणि तो स्वतःच्या लग्नातल्या दागिन्यांनी सजवला. देशभर कौतुक झालं. पण ‘डेली मेल’च्या एका स्तंभलेखिकेला त्यात काळंबेरं दिसलं. उपांत्य फेरीत बाद झालेल्या मुलीनं चॉकलेटची मशीद केली असती तर ती टिकली असती, अशा अर्थाचं त्या बाईंनी लिहिलं. पुढच्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक करण्याचा मान नादियालाच मिळाला.

हे सगळं ब्रिटनमध्ये घडलं तरी लातूर जिल्ह्यातल्या आपल्या अहमदपुरात बसून ‘मास्टरशेफ इंडिया’ पाहणाऱ्यालाही त्याची ओळख पटेल. स्पर्धक आपल्यासारखा नसला की प्रेक्षकांच्या तोंडी तीन तक्रारी हमखास येतात. त्या एकेक करून तपासू.

‘याला मुद्दाम पुढं आणलंय’

या तक्रारीत अर्धं सत्य आहे. वाहिनीला देशभरचा प्रेक्षक हवा असतो, त्यामुळे स्पर्धक निवडताना निरनिराळे प्रदेश, वयं, भाषा यांचा विचार होतो. पण दारातून आत येणं वेगळं आणि शेवटपर्यंत टिकणं वेगळं. ‘बेक ऑफ’च्या तांत्रिक फेरीत कोणता पदार्थ कुणाचा हे परीक्षकांना कळू देत नाहीत. तिथं स्कार्फ दिसत नाही, फक्त चव कळते.

आपल्याकडचे निकालही बघा. २०२३ मध्ये ‘मास्टरशेफ इंडिया’च्या सातव्या पर्वात आसामच्या तिनसुकियाचा नयनज्योती सैकिया जिंकला. शेवटच्या तिघांत त्याच्यासोबत आसामच्याच सांता सरमा आणि महाराष्ट्राच्या सुवर्णा बागूल होत्या. त्याच वर्षाअखेर आठवं पर्व मंगळुरूच्या मोहम्मद आशिकनं जिंकलं. ज्यूसचं दुकान चालवणारा हा तरुण आधी एकदा निवडीतच मागे पडला होता. त्याच्यासोबत अंतिम फेरीत मेघालयातली नाम्बी मराक आणि काश्मीरची रुखसार सईद होत्या. ज्या प्रदेशांचं जेवण आपण कधी चाखलेलंही नाही, तिथली माणसं पुढे जातात तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटतं. या आश्चर्याचा संशय व्हायला मात्र वेळ लागत नाही.

‘हा काय स्पर्धेचा पदार्थ?’

२०२१ च्या ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’त किश्वर चौधुरी या बंगाली वंशाच्या स्पर्धक होत्या. अंतिम फेरीत त्यांनी पांता भात मांडला. रात्रभर पाण्यात भिजलेला भात, सोबत बटाट्याचं भरीत आणि मासा. बंगालच्या शेतकऱ्याची ही न्याहारी. त्या तिसऱ्या आल्या. बंगालच्या दोन्ही बाजूंचे लोक भारावले, आणि हे तर साधंच खाणं, यात कसलं कौशल्य, असं विचारणारेही निघाले.

उलटा प्रकार २०१८ मध्ये ब्रिटनच्या ‘मास्टरशेफ’मध्ये झाला. मलेशियात वाढलेल्या झालेहा कादिर ओल्पिन यांच्या कोंबडीच्या रेंदांगला एका परीक्षकानं नावं ठेवली, कारण कातडी कुरकुरीत नव्हती. रेंदांग मंद आचेवर नारळाच्या दुधात तासन्‌तास मुरतं, त्यात कुरकुरीतपणा येणार कुठून? अगदी पंतप्रधानांपर्यंत सगळा मलेशिया खवळला. एका घरातल्या चवीची फूटपट्टी दुसऱ्या घरातल्या पदार्थाला लावली की असा अन्याय होतो. असा अन्याय करणारा मनानं वाईटच असतो असं नाही. बऱ्याचदा त्यानं तो पदार्थ पोटभर खाल्लेलाच नसतो.

‘हिच्यासाठी नियम का बदलता?’

‘मास्टरशेफ इंडिया’च्या सातव्या पर्वातच अरुणा विजय या जैन स्पर्धकावर प्रेक्षक चिडले. बाकीचे मासे रांधत असताना त्यांना पनीर दिलं गेलं, हे पुष्कळांना खटकलं. स्पर्धा सगळ्यांना सारखी हवी, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच न्यायानं २०१५ चं चौथं पर्व आठवावं. ते अख्खं पर्व शाकाहारी होतं. ज्यांचं कसब माशात, मटणात आहे, त्यांच्या हातातलं हत्यार स्पर्धेआधीच काढून घेतलं गेलं. तेव्हाही चर्चा झाली, पण कुणा एकाचा चेहरा समोर नसल्यानं ती विरून गेली. एकीला मिळालेली सवलत डोळ्यांत खुपते. अनेकांना उंबऱ्याबाहेर ठेवणारी अट मात्र आपल्याला साधा नियम वाटते. माझ्या मते या सगळ्या वादाचं मूळ इथं आहे.

आपल्या चुलींची गोष्ट

त्याच २०१५ साली मराठवाड्यातल्या शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक आलं. महार-मांग समाजाच्या स्वयंपाकघराची त्यात नोंद आहे. उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ताचे पदार्थ, रानभाज्या, आणि तेल-तूप परवडत नसताना चव साधण्याच्या युक्त्या. गावानं ज्यांच्या वाट्याला टाकून दिलेलं दिलं, त्यांनी त्यातून पाककला उभी केली. भूषण कोरगावकरांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशभर त्याची दखल घेतली गेली. त्याआधी, २००९ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानंही दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तक काढलं होतं. मराठी वाहिन्यांवर पाककृतींचे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालले, पण हे स्वयंपाकघर त्यांत क्वचितच दिसलं.

अहमदपूरच्या परिसरात काय नाही? लिंगायत घरातली शेंगापोळी आणि कडक भाकरी, मुस्लिम घरातला दालचा-खाना, बंजारा तांड्यावरची सळोई, कुणब्याघरची येसर आमटी, हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या. हैदराबाद संस्थानाचा वारसा आणि शेजारच्या कर्नाटकाची चव एकाच बाजारपेठेत भेटते. पण शेजाऱ्याचा पदार्थ आपण किती वेळा खातो? बिर्याणी हॉटेलात आवडीनं खाणारा माणूस आपल्याच गल्लीतल्या मुस्लिम घरी जेवायला जायला बिचकतो. टीव्हीसमोर बसल्यावर दुसऱ्याच्या ताटाबद्दल जे शेरे आपण सहज मारतो, त्यांची तालीम गल्लीतच झालेली असते.

याच मातीत उलट दाखलाही आहे. वेळा अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवसला, लातूर जिल्ह्यातली गावं शेतावर लोटतात. हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, मिळेल ती भाजी घालून केलेली भज्जी, उंडे, गव्हाची खीर, माठातलं आंबिल. ज्याला शेत नाही त्याला शेतकरी आग्रहानं बोलावतो आणि जात-धर्म न पाहता वाढतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराच्या लंगरमध्येही सगळे एका पंगतीत बसतात. एकत्र जेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. मात्र या दोन्ही ठिकाणी वाढणाऱ्याचं ताट ठरलेलं असतं आणि पाहुणा ते खातो. पाहुण्याच्या चुलीवरचं आपण खाणं, ही पायरी अजून चढायची आहे.

करता येण्याजोगं

सुरुवात घराजवळून होऊ शकते. शाळा-कॉलेजांच्या आनंदनगरीत, बचत गटांच्या खाद्यमहोत्सवात पाककला स्पर्धा होतातच. तिथं ताटावर नावाऐवजी क्रमांक लावावा. परीक्षक एकाच समाजाचे नसावेत, आणि प्रत्येक पदार्थ आधी खाल्लेला एक तरी माणूस त्यांच्यात असावा. स्पर्धा शाकाहारी ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी, पण ते जाहिरातीत ठळक लिहावं आणि दुसऱ्या वर्षी सामिष पदार्थांनाही जागा द्यावी. न खाणाऱ्याला आग्रह नको आणि खाणाऱ्याला तुच्छतेची वागणूक नको, एवढं पथ्य दोन्ही बाजूंनी पाळलं तरी पुष्कळ आहे.

आणि प्रेक्षक म्हणून एक विनंती. पुढच्या पर्वात अनोळखी नावाचा, अनोळखी पदार्थाचा स्पर्धक दिसला तर ‘याला का घेतलं’ हे विचारण्याआधी ‘हे कसं करतात’ हे विचारा. उद्या तांड्यावरची, मोहल्ल्यातली किंवा वस्तीवरची एखादी अहमदपूरकर सुगरण त्या ओट्यासमोर उभी राहील, तेव्हा देशानं तिच्याकडे जसं पाहावं असं आपल्याला वाटेल, तसंच आज आपण इतरांकडे पाहिलं पाहिजे.