परळच्या पिंजऱ्यांनी सोडवलेले कोडे

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात तापाने फणफणलेल्या माणसांच्या जांघेत, काखेत गाठी येऊ लागल्या. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला : प्लेग. लाखो लोक शहर सोडून गेले. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. सरकारने घरे धुऊन काढली, चुना फासला, रुग्णांना उचलून इस्पितळात नेले. साथ मात्र हटेना. प्लेग घरात शिरतो कसा, हेच कुणाला ठाऊक नव्हते.

आधी उंदीर पडतात, मग माणसे, एवढे लोकांनी अनुभवाने ओळखले होते. पण मेलेला उंदीर आणि आजारी माणूस यांच्यामधला दुवा कोणता? हवा, जमीन, धान्य, मलमूत्र, कपडे, सगळ्यांवरच संशय होता. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत या सगळ्या गोष्टी एकत्रच नांदतात. एकेक बाजूला काढून तपासायची, तर त्यासाठी माणसांना पणाला लावता येत नाही. रोगाच्या अभ्यासात प्राण्यांची गरज पडते ती इथे.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्लेगच्या उंदराशेजारी निरोगी उंदीर ठेवला. मध्ये जाळी, स्पर्श अशक्य, पिसवांना मात्र वाट मोकळी. निरोगी उंदरालाही प्लेग झाला. पिसू हाच दुवा, असे सिमाँने मांडले. बहुतेक तज्ज्ञांनी ते उडवून लावले.

निकाल लागला तो परळला. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा होती. आजची हाफकिन संस्था ती हीच. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने इथे काम सुरू केले. आयोगातले ग्लेन लिस्टन आधीपासूनच मुंबईच्या चाळींत पिसवांचा माग काढत होते. उंदीर मेल्यावर त्यांच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसांकडे वळतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

आयोगाने परळच्या आवारात छोट्या खोल्या बांधल्या आणि त्यांत गिनीपिग सोडले. रोगी आणि निरोगी प्राणी एकत्र, खोल्या मुद्दाम अस्वच्छ. पिसवा नसल्या, तर मलमूत्राच्या घाणीत एकत्र राहूनही निरोगी प्राण्यांना प्लेग होईना. पिसवा असल्या की मात्र साथ पसरे, आणि पिसवा जितक्या जास्त तितकी वेगाने. मग पिंजरे टांगले गेले. जमिनीपासून २ इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना लागण झाली. २ फुटांवरचे वाचले. खोली तीच, हवा तीच. पण उंदरावरच्या पिसवेची उडी जेमतेम काही इंचांची! हवेवरचा संशय तिथेच फिटला. पुढे १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी लंडनमध्ये यामागची यंत्रणाही शोधली : प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्नमार्गात बोळ्यासारखे अडकतात, भुकेली पिसू पुनःपुन्हा चावते आणि ओढलेले रक्त जंतूंसह जखमेत परत जाते.

मात्र कोणताही प्राणी कोणत्याही रोगाला चालत नाही. आपल्याकडचा लेप्टोस्पायरोसिसच पाहा. वसईजवळच्या भुईगावसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांपासून विरारच्या सखल वस्त्यांपर्यंत, पावसाळ्यात पाणी तुंबले की या रोगाची धास्ती असते. जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात आणि लघवीतून पाण्यात येतात. उंदीर स्वतः बहुधा ठणठणीत! त्यामुळे रोग पसरतो कसा, हे उंदरावरून कळते. पण माणसाची कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे, हे समजायला तो फारसा कामाचा नाही. जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी १९१५ च्या सुमारास रुग्णाचे रक्त गिनीपिगला टोचले, तो आजारी पडला, आणि हा जंतू हाती लागला. आजही गंभीर लेप्टोचा अभ्यास मुख्यतः गिनीपिग आणि हॅमस्टर यांच्यावर होतो.

प्राण्यात मिळालेले उत्तर माणसात पुन्हा पडताळावेच लागते. उंदरांना बरे करणारी कितीतरी औषधे माणसांवर निष्प्रभ ठरली आहेत. शिवाय प्राण्यांच्या वेदनांचा हिशेबही द्यावा लागतो. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी त्रिसूत्री मांडली : शक्य तिथे प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख असते. २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींपासून वाढवलेले सूक्ष्म अवयव, चिपवर उभारलेल्या अवयवांच्या प्रतिकृती यांसारख्या पद्धतींनाही जागा मिळाली. संपूर्ण शरीर, त्यातली प्रतिकारशक्ती आणि चावणारी पिसू यांचा एकत्रित खेळ मात्र अजून चिपवर उतरलेला नाही. म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग आज पूर्ण थांबवता येणार नाहीत. पण दुसरा मार्ग असताना ते करणेही समर्थनीय नाही.

या संशोधनाचा घरोघरी उपयोग साधा आहे. कचरा आणि उघडे अन्न उंदरांना मिळू देऊ नका. पायाला जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यात उतरणे टाळा. उतरावेच लागले तर गमबूट घाला. आणि त्यानंतर ताप आला, अंग दुखू लागले, तर अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि पाण्यातून चाललो होतो, हे त्यांना आवर्जून सांगा.