एक रुपयाचा आखाडा

कर्जाच्या अर्जात ‘व्यवसायाचे स्वरूप’ असा एक रकाना असतो. १९९४ च्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर आलेल्या एका अर्जात त्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मारामारी (व्हिडिओ)’. मी तेव्हा नारायणगावात एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. टोमॅटो, द्राक्षं, दुभत्या गाई आणि विहिरीवरच्या मोटारी यांच्या अर्जांत मुरलेला माणूस. मारामारीला कर्ज कसं द्यावं, याचं परिपत्रक काही आमच्याकडे आलेलं नव्हतं.

रीतीप्रमाणे पाहणीला गेलो. एसटी स्टँडच्या मागे पत्र्याचा गाळा, आत उदबत्तीचा आणि घामाचा मिसळलेला वास, आणि कपाटाएवढं एक यंत्र. वर काच, खाली एक दांडा आणि सहा बटणं, शेजारी पुन्हा तसाच दांडा आणि तशीच सहा बटणं. तीन ठोशांची, तीन लाथांची. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९१ सालचा हा खेळ, ‘स्ट्रीट फायटर टू’. जगभर त्याच्यापुढे रांगा लागत होत्या, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला दिसली ती दप्तरं पायाशी टाकून उभी असलेली पोरं.

अर्जदार पंचविशीतला. म्हणाला, “साहेब, जुन्या गेममध्ये पोरगं एकदा तरबेज झालं, की एका रुपयात तासभर हलत नाही. भाडं माझं, लाईटबिल माझं. ह्यात दोघं भांडतात. दोन-तीन मिनिटांत एक हरतोच. जिंकला तो उभा, हरला तो बाहेर, तिसऱ्याचा रुपया आत.”

धंद्याचं इतकं स्वच्छ गणित मी त्या वर्षात दुसरं ऐकलं नाही. तरी अर्ज नामंजूर केला. शेरा मारला, ‘सामाजिक उपयुक्तता नाही’. त्याने एका पतसंस्थेतून पैसे उचलले आणि दुसरं यंत्र मंचरला नेऊन बसवलं.

जिंकला तो उभा, हरला तो बाहेर. हे मी आधी कुठं पाहिलं होतं, ते कळायला मला नको तितका वेळ लागला. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात आणि गावकारभारी सुपारी द्यायला येतात. जत्रेत सकाळी घाटात बैलगाडे, दुपार कलली की कुस्त्यांचा हगामा, रात्री तमाशा. हगाम्याची सुरुवात चिल्ल्यापिल्ल्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीने होते. मग दहा रुपये, पन्नास, शंभर असं करत शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत इनाम चढत जातं. हलगी कडकडत असते. आणि एक नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: लागलेली कुस्ती मधेच सोडवायची नाही. पंचाने सोडवली तर सोडवली. बापाला तो अधिकार नाही.

आंबेगाव तालुक्यातल्या एका खातेदाराच्या आग्रहावरून १९९१ साली मी माझ्या मुलाला अशाच एका हगाम्यात उतरवलं होतं. नऊ वर्षांचा, चष्मा काढून उतरला. समोरच्या पोराने पट काढला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत याची पाठ मातीला. लोक हसले. मीही हसलो. तो पुन्हा आखाड्याकडे फिरकला नाही.

१९९५ च्या मार्चमध्ये शिकवणीच्या सरांचा निरोप आला, मुलगा आठ दिवस आलेला नाही. मी सरळ त्या गाळ्यात गेलो. पंधरा-वीस पोरांची दाटी, आणि दांड्यावर आमचे चिरंजीव.

त्याने घेतला होता धालसिम. आठ लढवय्यांमधला हा भारताचा. टक्कल, गळ्यात कवट्यांची माळ, हातपाय रबरासारखे लांबणारे, आणि तोंडातून ‘योगा फायर’ म्हणत जाळ. जपान्यांना आपला योगी असा दिसला, यावर एक वेगळा लेख होईल. समोरच्याचा होता झांगिएफ, रशियाचा अस्वलासारखा पैलवान. त्याचा डाव साधायला दांडा पूर्ण गोल फिरवून ठोसा दाबावा लागतो, तोही शत्रू हाताच्या अंतरावर असताना. साधला, की तो गड्याला उचलून डोक्यावर आपटतो. म्हणजे पैलवानाला जवळ जायचंय आणि योग्याने त्याला लांब ठेवायचंय. माझा मुलगा तेच करत होता. एक हात लांबवून थोपवायचा, मागे सरायचा, जाळ सोडायचा. आखाड्यात ज्याची पाठ क्षणात लागली तो हाच, हे मला पटेना. मागे पोरं कुजबुजत होती, “सात झाले, ह्याला कुणी उठवलंच नाही.”

मी त्याचा कान धरला.

समोरचा पोरगा हमालाचा असावा, अंगात मळकी बंडी. तो दांडा सोडून बाजूला झाला आणि म्हणाला, “काका, डाव तर संपू द्या की.” मी संपू दिला नाही. यंत्रातला रशियन पैलवान उभाच होता, योगीही उभा होता, वरचा आकडा नव्याण्णववरून खाली येत होता. गाळ्याचा मालक एक शब्द बोलला नाही. त्याचा अर्ज मी नाकारला होता ना.

माझी बाजू अगदीच लंगडी नव्हती. १९९२ सालच्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या, आणि १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटनेही या खेळांची चौकशी मांडली होती. त्यातूनच पुढे १९९४ साली तिथे खेळांवर वयाचे शिक्के आले. पण मी काही सिनेटचा विचार करून गाळ्यात शिरलो नव्हतो. शिकवणीचे पैसे भरले होते, एवढंच.

त्या दिवाळीत पुण्याहून टीव्हीला जोडायचा खेळ आणला. निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल, पिवळी कॅसेट, दोनच बटणं. कॅपकॉमने त्या छोट्या यंत्रासाठी हा खेळ कधी काढलाच नव्हता, त्यामुळे कॅसेटवरचा ‘स्ट्रीट फायटर’ कुणीतरी परस्पर बनवलेला. मुलाने आठवडाभर खेळून तो माळ्यावर टाकला. “मागं कुणी उभं नसतं, बाबा,” एवढंच म्हणाला. पुढे तो कॉलेजात बॅडमिंटन खेळला, चषक आणले. पण आपला कुठलाही खेळ पाहायला त्याने मला बोलावलं नाही. मीही विचारलं नाही.

गाळे कधीच बंद झाले. आधी घराघरांत प्लेस्टेशन आणि ‘टेकन थ्री’ आला, मग सायबर कॅफे, मग मोबाईल. गंमत अशी, की २०२३ साली चीनमधल्या हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’ला पदक होतं. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान विश्वास उतरले होते. सुवर्ण मिळालं ते दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना, वय ४४. मी ती बातमी कापून ठेवली आणि मुलाला दाखवली. तो तेव्हा एकेचाळीसचा.

गेल्या दिवाळीत तो नातवाला घेऊन आला, तेव्हा यंत्रही बरोबर होतं. जुने सगळे भाग एकत्र करून कॅपकॉमने २०१८ साली काढलेला संच त्यावर होता. काचेवर तोच धालसिम आला. मी भीत भीत विचारलं, “तुला तो दिवस आठवतो का रे?”

“दुसरा राऊंड होता,” तो काचेवरची नजर न काढता म्हणाला. “पहिला मी घेतला होता. त्याची लाईन निम्म्यावर होती, माझी जास्त.”

थोड्या वेळाने त्याने दुसरा दांडा माझ्यापुढे सरकवला आणि माझ्यासाठी झांगिएफ निवडला. “घ्या, तुमचा पैलवान.” मी दांडा गोल फिरवू लागलो. बोटं संधिवाताची, वर्तुळ काही पुरं होईना. जवळ जावं तर लांबून हात यायचा. त्याने जराही सवलत दिली नाही. पहिला गेला, दुसराही गेला.

मी आणखी एकदा म्हणून बटण चाचपत होतो, तेवढ्यात नातू मागून म्हणाला, “आजोबा, हरलात ना? उठा. आता माझा नंबर.”