गायक बदलला, गाणं बदललं

१९७९ च्या एप्रिलमध्ये ब्लॅक सॅबथने आपला गायक ओझी ऑस्बॉर्नला बँडमधून काढलं. हे त्याला सांगायचं काम ड्रमर बिल वॉर्डवर आलं, कारण ओझीशी सर्वांत घट्ट मैत्री त्याचीच होती. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या कामगारवस्तीत वाढलेली ही चार पोरं १९६८ मध्ये एकत्र आली होती. १९७० मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमपासून हेवी मेटलचा इतिहास सुरू होतो असं बहुतेक जाणकार मानतात, आणि ते मला पटतं. दहा वर्षांनंतर मात्र लॉस एंजेलिसमधल्या एका घरात दिवसामागून दिवस जात होते आणि नव्या अल्बमचं काम पुढे सरकत नव्हतं. दारू आणि अमली पदार्थांनी चौघांनाही धरलं होतं. 'नेव्हर से डाय!' हा १९७८ चा अल्बम ऐकताना त्यांचा थकवा जाणवतो. त्या वर्षीच्या दौऱ्यात त्यांच्याआधी मंचावर येणारा व्हॅन हेलन हा तरुण बँड टाळ्या घेऊन जात होता.

ओझीची जागा घेतली रॉनी जेम्स डिओने. शॅरन आर्डेन (पुढची शॅरन ऑस्बॉर्न) हिने त्याची आणि गिटारवादक टोनी आयोमीची गाठ घालून दिली. डिओ तेव्हा सदतिशीला आलेला, अमेरिकन, अंगाने लहानसर, आणि रिची ब्लॅकमोरच्या रेनबो या बँडमधून नुकताच बाहेर पडलेला. लहानपणी तो ट्रम्पेट शिकला होता आणि आपल्या दमसासाचं श्रेय त्या वाद्याला देत असे. ओझीसारखा आवाज शोधायचा असता तर डिओकडे कुणी वळलंच नसतं. ओझीचा आवाज सपाट, रडवा, भेदरलेल्या माणसाच्या हाकेसारखा, आणि त्यातच त्याची ताकद होती. डिओचा आवाज भरदार आणि कमावलेला. वरच्या पट्टीतही तो किंचाळत नाही, फुलत जातो. 'हेवन अँड हेल' हा १९८० चा अल्बम इतका का साधला, याचं मूळ मला या निवडीत दिसतं.

आयोमीचं वाजवणं समजून घेतल्याशिवाय हे नीट कळणार नाही. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं टोकाला तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि हलक्या तारा लावल्या. या हातातून जे संगीत आलं त्याचा कणा म्हणजे रिफ, गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी ठसठशीत छोटी सुरावट. जुन्या सॅबथमध्ये ओझी बहुधा या रिफच्याच वाटेने गायचा. 'आयर्न मॅन' ऐका: गिटार जिथे चढते तिथे गळा चढतो, ती उतरते तिथे तोही उतरतो. आपल्याकडे हार्मोनियम गायकाच्या मागे जाते, इथे गायक वाद्याच्या मागे जात होता.

डिओ रिफवरून आडवा गेला. आयोमीनेच हा फरक नोंदवून ठेवला आहे. गिटार आपली चाल धरून राहते आणि आवाज तिच्यावर स्वतंत्र चाल बांधत जातो. साहजिकच आयोमीलाही वेगळं वाजवावं लागलं. गायकाला जागा हवी, म्हणून रिफमध्ये मोकळ्या फटी आल्या आणि स्वरसंगतींचे बदल वाढले. दोघांनी मिळून सर्वांत आधी पुरं केलेलं गाणं 'चिल्ड्रन ऑफ द सी'. त्यात सुरुवातीच्या हळुवार गिटारवर डिओ जवळजवळ कुजबुजतो, आणि मग जड रिफ कोसळतो तेव्हा तो त्याच्याखाली दबत नाही.

शीर्षकगीत तर सात मिनिटांचं आहे, आणि मला ते या बँडचं सर्वांत पूर्ण गाणं वाटतं. कडव्यांत गिटार बरीचशी बाजूला होते. बास एकाच स्वरावर ठाम पावलं टाकत राहतो आणि त्या रिकाम्या पटावर डिओचा आवाज उभा राहतो. मग आयोमीचा एकल भाग येतो, घाई नसलेला, एकेक स्वर तोलून ठेवणारा. त्यानंतर लय एकदम दुप्पट होते आणि डिओ धावत सुटतो. अखेर विद्युत गोंगाट संपून साध्या गिटारवर गाणं उतरतं. एवढी वळणं घेऊनही त्याचा धागा कुठेच तुटत नाही.

निर्माता होता मार्टिन बर्च. डीप पर्पल आणि रेनबोबरोबर काम केलेला हा माणूस पुढे आयर्न मेडनचा निर्माता झाला. त्याने गिटार, बास आणि आवाज यांना एकमेकांपासून स्वच्छ वेगळं ठेवलं. आडव्या जाणाऱ्या आवाजाला या वेगळेपणाची फार गरज होती. बहुतेक काम मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत झालं. मधल्या काळात बासवादक गीझर बटलर घरच्या अडचणींमुळे निघून गेला होता. आयोमीने क्वार्ट्झ या बर्मिंगहॅमच्याच बँडमधून जेफ निकल्सला मदतीला बोलावलं. गीझर परतल्यावर निकल्स कीबोर्डवर गेला आणि पुढे अनेक वर्षं मंचाच्या आडोशाला उभा राहून वाजवत राहिला. गीतलेखन पूर्वी मुख्यतः गीझरचं असे, या अल्बमचे शब्द डिओचे. आठांपैकी शेवटी तयार झालेलं 'निऑन नाइट्स' पॅरिसच्या फेर्बर स्टुडिओत मुद्रित झालं, आणि अल्बम उघडतो त्याच वेगवान गाण्याने.

बिल वॉर्डचं मात्र मनाला लागतं. तो तेव्हा दारूत इतका बुडालेला होता की हा अल्बम केल्याचं आपल्याला काही आठवत नाही, असं त्याने नंतर सांगितलं. तरी ठेका कुठे ढळत नाही. ऑगस्ट १९८० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात तो बँड सोडून गेला. ओझीशिवायच्या सॅबथमध्ये त्याचा जीव रमला नव्हता. त्याच्या जागी विनी अपीसी आला.

अल्बम ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेला आणि अमेरिकेत पुढे दहा लाखांवर खपला. मुखपृष्ठावर लिन कर्लीचं चित्र आहे: सिगारेट ओढत पत्ते खेळणाऱ्या देवदूत बायका. ओझी काही संपला नाही. त्याच वर्षी रँडी रोड्स या विलक्षण गिटारवादकाला घेऊन त्याने 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' काढला. एका फुटीतून दोन जिवंत गोष्टी निघाल्या. ओझीचा सॅबथ मोठा की डिओचा, हा वाद चाहते आजही घालतात. मला त्या वादात पडावंसं वाटत नाही, कारण आयोमीच्या हाताला दोघांनी दोन निराळे प्रश्न घातले आणि दोन्हींची उत्तरं त्याच्याकडे निघाली.

२००६ मध्ये आयोमी, गीझर, डिओ आणि अपीसी पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी सॅबथ हे नाव घेतलं नाही, बँडचं नाव 'हेवन अँड हेल' ठेवलं. २००९ मध्ये 'द डेव्हिल यू नो' हा अल्बम आला. १६ मे २०१० रोजी पोटाच्या कर्करोगाने डिओ गेला. त्याआधी, २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या त्यांच्या मैफलीचं मुद्रण प्रसिद्ध झालं आहे. त्यात शीर्षकगीत सात मिनिटांवरून कितीतरी पुढे पसरतं. पासष्टीकडे झुकलेला डिओ श्रोत्यांना गायला लावतो आणि आयोमी एकल भाग हवा तितका लांबवतो. नव्या श्रोत्याने आधी १९८० चं मुद्रण ऐकावं, आणि मग लगेच हे.