आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झालाच का?

सकाळी बोटं आखडतात, भाकरी थापायला तासभर जातो. नंदुरबारला जाऊन रक्त तपासलं, रिपोर्टवर 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह' दिसलं आणि घरातले सगळे घाबरले. पण थांबा, एवढ्यावरून आमवात ठरत नाही.

आमवातात म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. तेव्हा रक्तात काही अँटिबॉडीज सापडतात. आरए फॅक्टर ही त्यातली जुनी. पण ती क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी यांतही वाढू शकते, काही धडधाकट म्हाताऱ्यांतही दिसते.

आता गणित बघा. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने भिगवणमध्ये घरोघरी पाहणी सुरू केली. तिथे आमवात आढळला साधारण ०.५ टक्के प्रौढांना, म्हणजे हजारात ५. आजार नसलेल्या १०० पैकी सुमारे १५ जणांत आरए फॅक्टर उगाच पॉझिटिव्ह येतो असं धरलं, तर हजारात दीडशे जण विनाकारण धास्तावतील! म्हणून सांध्यांना सूज नसताना ही टेस्ट करण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी टेस्ट अँटी-सीसीपी. ही जास्त नेमकी. आजार नसलेल्या १०० पैकी साधारण ५ जणांतच ती चुकीची पॉझिटिव्ह येते. मात्र दोन्ही टेस्ट सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पकडत नाहीत. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट आला तरी सूज दिसत असेल तर डॉक्टर आमवात धरू शकतात.

आकडा किती, हेही महत्त्वाचं. २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १० पैकी ६ गुण लागतात. अँटिबॉडी नॉर्मल मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर ३ गुण, थोडी वाढलेली असेल तर २. बाकीचे गुण किती सांधे सुजलेत, किती दिवस दुखतंय आणि ईएसआर-सीआरपी यांवरून मिळतात. अँटी-सीसीपी खूप जास्त असेल तर हाडं झिजण्याचा धोका मोठा, म्हणून औषधं लवकर आणि नेटाने द्यावी लागतात. आज आजार किती भडकलाय हे मात्र ईएसआर-सीआरपी सांगतात. दर महिन्याला अँटी-सीसीपी करून पैसे घालवू नका.

आणखी एक, खास आपल्या जिल्ह्यासाठी. भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आढळतो आणि त्यातही हाडं-सांधे दुखतात. चिकुनगुनियानंतरही महिनोन्महिने सांधे धरतात. डॉक्टरांना हे आधीच सांगा. सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकली तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणत बसू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा.