रोच, स्टेफनी
रोच, स्टेफनी : (१३ जून १९८९ –    ). आयर्लंडची आघाडीच्या फळीत खेळणारी फुटबॉलपटू. विवाहोत्तर नाव स्टेफनी झॅम्ब्रा. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघ (फिफा) वर्षातील सर्वोत्कृष्ट गोलसाठी जे पुश्काश पारितोषिक देतो, त्याच्या अंतिम तीन स्पर्धकांत स्थान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. तिची कारकीर्द या एका गोलपुरती मर्यादित नाही. मात्र त्या गोलमुळे तिच्या वाट्यास आलेली कीर्ती आणि त्यानंतर उपजीविकेसाठी तिला चार देशांत करावी लागलेली भ्रमंती यांतील विसंगती एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील महिला फुटबॉलच्या स्थितीवर चांगला प्रकाश टाकते.

तिचा जन्म डब्लिन परगण्यातील शँकिल या उपनगरात झाला. आयर्लंडमध्ये महिला फुटबॉलची संघटित सुरुवात तिच्या जन्मापूर्वी जेमतेम सोळा वर्षे झाली होती. आयरिश महिला फुटबॉल संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघाने वेल्सविरुद्ध आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना ३–२ असा जिंकला. तथापि देशात फुटबॉल हा स्त्रियांचा व्यवसाय होऊ शकेल, अशी परिस्थिती नव्हती. डब्लिनच्या ॲन ओब्रायन (१९५६–२०१६) या गुणी खेळाडूस वयाच्या सतराव्या वर्षीच फ्रान्समधील रॅन्स संघात जावे लागले. पुढे इटलीत तिने सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली, परंतु स्वदेशाकडून तिला मोजकेच सामने खेळावयास मिळाले. त्यानंतरच्या पिढीतील ऑलिव्हिया ओटूल हिने १९९१ ते २००९ या काळात १३० आंतरराष्ट्रीय सामन्यांत ५४ गोल केले, तरीही देशाबाहेर तिचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. आघाडीच्या आयरिश महिला खेळाडूपुढे देश सोडणे किंवा अप्रसिद्ध राहणे, एवढेच दोन मार्ग होते. रोचची वाटचाल याच पार्श्वभूमीवर पाहावी लागते.

डब्लिन परिसरातील निरनिराळ्या क्लबांकडून खेळल्यानंतर ती पीमाउंट युनायटेड या क्लबात दाखल झाली. पीमाउंटने २०१० मध्ये आयरिश महिला चषक जिंकला आणि त्यामुळे त्यास यूरोपीय महिला चँपियन्स लीग स्पर्धेत प्रवेश मिळाला. २०११–१२ च्या या स्पर्धेत त्या संघाने अखेरच्या ३२ संघांपर्यंत मजल मारली. तेथे पॅरिस सँ-झेर्मां या बलाढ्य फ्रेंच संघाने त्याचा पराभव केला. नोव्हेंबर २०११ मध्ये सहा संघांची महिला राष्ट्रीय साखळी स्पर्धा आयर्लंडमध्ये सुरू झाली आणि तिचे पहिले अजिंक्यपद पीमाउंटनेच पटकाविले. ही स्पर्धा पूर्णतः हौशी स्वरूपाची होती. खेळाडू दिवसा नोकरी किंवा शिक्षण करीत आणि सायंकाळी सराव करीत. सामन्यांस प्रेक्षक थोडेच असत आणि दूरचित्रवाणीवर ते क्वचितच दाखविले जात.

२० ऑक्टोबर २०१३ रोजी वेक्सफर्ड येथील फेरीकॅरिग पार्क मैदानावर पीमाउंटचा वेक्सफर्ड यूथ्स या संघाशी सामना झाला. तो पीमाउंटने ६–१ असा जिंकला. प्रेक्षकांची संख्या शंभराच्या आत होती. या सामन्यात ज्युली-ॲन रसेल हिने उजव्या बाजूने दिलेला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेशी रोचकडे आला, तेव्हा तिची पाठ गोलकडे होती. पहिल्या स्पर्शाने तिने चेंडू ताब्यात घेऊन हवेत ठेवला. दुसऱ्या स्पर्शाने तो स्वतःच्या व लगतच्या बचावपटूच्या डोक्यावरून मागे टाकला. मग चटकन वळून चेंडू अधांतरी असतानाच तिने तो जोरदार फटक्याने जाळ्यात धाडला. या तीन स्पर्शांदरम्यान चेंडू एकदाही जमिनीस लागला नाही. गोलकडे पाठ असताना चेंडू नियंत्रित करणे, बचावपटूस चकविणे आणि वळता वळता अचूक फटका मारणे ही आघाडीच्या खेळाडूची तीन स्वतंत्र कौशल्ये आहेत. ती सर्व एका सलग हालचालीत साधली गेली, हे या गोलचे वैशिष्ट्य.

या गोलची नोंद राहिली ती जवळजवळ योगायोगाने. सामन्याचे चित्रण करणारी कोणतीही दूरचित्रवाणी संस्था मैदानावर नव्हती. पीमाउंटच्या व्यवस्थापक आयलीन ग्लीसन यांनी खेळाच्या विश्लेषणासाठी एक साधा कॅमेरा लावून ठेवला होता. (ग्लीसन यांनी पुढे २०२३–२४ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणूनही काम केले.) त्यांनी ही चित्रफीत यूट्यूब या संकेतस्थळावर ठेवली आणि लाखो लोकांनी ती पाहिली. तो कॅमेरा नसता, तर हा गोल मैदानावरील मूठभर लोकांच्या स्मरणातच राहिला असता. महिला फुटबॉलचा बराचसा इतिहास अशाच रीतीने अलिखित व अदृश्य राहिला आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हंगेरीचा थोर फुटबॉलपटू फेरेन्त्स पुश्काश (१९२७–२००६) याच्या नावे हे पारितोषिक फिफाने २००९ मध्ये सुरू केले. २०१४ च्या पारितोषिकासाठी प्रथम दहा गोल निवडण्यात आले. त्यांतून रोच, कोलंबियाचा हामेस रॉद्रीगेस आणि नेदर्लंड्सचा रॉबिन व्हॅन पर्सी हे तिघे अंतिम फेरीत आले. इतर दोघांचे गोल ब्राझीलमध्ये भरलेल्या २०१४ च्या विश्वचषक स्पर्धेतील होते आणि ते जगभर कोट्यवधी प्रेक्षकांनी प्रत्यक्ष प्रक्षेपणात पाहिले होते. १२ जानेवारी २०१५ रोजी झुरिक येथील समारंभात निकाल जाहीर झाला. जनतेच्या मतदानात रॉद्रीगेसला ४२ टक्के, रोचला ३३ टक्के आणि व्हॅन पर्सीला ११ टक्के मते मिळाली. एका हौशी साखळी स्पर्धेतील खेळाडूस एवढी मते पडावीत, ही घटना अपूर्व होती. हे पारितोषिक तेव्हा स्त्री-पुरुष अशा दोघांसाठी एकच होते. महिलांच्या गोलसाठी फिफाने ब्राझीलच्या मार्ता हिच्या नावे स्वतंत्र पारितोषिक २०२४ मध्ये सुरू केले.

या प्रसिद्धीपूर्वीच, २०१४ च्या उन्हाळ्यात, रोच फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीतील ए.एस.पी.टी.टी. आल्बी या क्लबात व्यावसायिक खेळाडू म्हणून गेली होती. टपाल, तार व दूरध्वनी खात्यांतील कर्मचाऱ्यांच्या क्रीडामंडळांतून वाढलेल्या अनेक फ्रेंच क्लबांपैकी हा एक होय. झुरिकच्या समारंभानंतर लवकरच तिने अमेरिकेतील ह्यूस्टन डॅश या संघाशी करार केला. तेथे तिला थोडेच सामने खेळावयास मिळाले आणि काही महिन्यांतच संघाने तिला मुक्त केले. अमेरिकेच्या साखळी स्पर्धेत प्रत्येक संघातील परदेशी खेळाडूंची संख्या व वेतनावरील एकूण खर्च या दोहोंवर मर्यादा असते. त्यामुळे अशा खेळाडूचे स्थान नेहमीच अस्थिर राहते. २०१५ मध्येच ती इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतील संडरलंड या संघात आली. परंतु २०१७ मध्ये संडरलंडने आपला महिला संघ पूर्णवेळ व्यावसायिक न ठेवता अर्धवेळ करण्याचे ठरविले. २०१८ मध्ये वरिष्ठ श्रेणीचा परवाना न मिळाल्याने तो संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. मैदानावरील कामगिरीचा या घसरणीशी संबंध नव्हता. त्यानंतर रोच इटलीतील फ्लोरेंतिया या क्लबात गेली. २०२० मध्ये ती मायदेशी परतून पुन्हा पीमाउंटकडून खेळू लागली आणि त्या वर्षी पीमाउंटने साखळी स्पर्धा व चषक ही दोन्ही अजिंक्यपदे मिळविली.

राष्ट्रीय संघातही ती अनेक वर्षे खेळली. या संघाच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रसंगी ती सहभागी होती. ४ एप्रिल २०१७ रोजी डब्लिनच्या लिबर्टी हॉल या कामगार संघटनेच्या इमारतीत राष्ट्रीय संघातील खेळाडूंनी पत्रकार परिषद घेऊन आपल्या तक्रारी जाहीरपणे मांडल्या. सामन्यांसाठी बुडणाऱ्या रोजगाराची भरपाई मिळत नाही, संघाचे पोशाख इतर संघांबरोबर वाटून वापरावे लागतात आणि ते विमानतळावरील स्वच्छतागृहांत बदलावे लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. मागण्या मान्य न झाल्यास सामन्यावर बहिष्कार घालण्याची त्यांची तयारी होती. दोनच दिवसांत समझोता झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर आयर्लंडविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात रोचच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय कारकीर्दीस खीळ बसली.

या लढ्याची फळे प्रामुख्याने पुढील खेळाडूंच्या हाती आली. ऑगस्ट २०२१ मध्ये आयरिश फुटबॉल संघटनेने पुरुष व महिला राष्ट्रीय संघांना सामन्यांचे समान मानधन देण्याचे मान्य केले. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ग्लासगो येथे अँबर बॅरेट हिच्या एकमेव गोलवर स्कॉटलंडला हरवून आयर्लंडने महिला विश्वचषक स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळविला. २०२३ मध्ये सिडनी येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धचा त्या संघाचा पहिला सामना ७५,७८४ प्रेक्षकांनी पाहिला. रोच या संघात नव्हती. आयरिश दूरचित्रवाणीवर समालोचक म्हणून तिने या स्पर्धेत काम केले.

सामने, गोल आणि अजिंक्यपदे यांच्या आकड्यांत मोजल्यास रोचपेक्षा ओटूल किंवा ओब्रायन यांची कामगिरी सरस ठरते. तथापि महिलांच्या खेळातील कौशल्य पुरुषांच्या खेळाशेजारी ठेवून एकाच निकषावर जगापुढे तोलले जाण्याची संधी रोचच्या गोलमुळे प्रथमच निर्माण झाली आणि त्या कसोटीस ते पूर्णपणे उतरले. गुणवत्तेस मान्यता मिळाली, तरी तिच्यामागे स्थिर क्लब, पुरेसे वेतन व नियमित प्रक्षेपण यांचा आधार नसेल, तर ती मान्यता खेळाडूच्या उपजीविकेस पुरत नाही, हेही तिच्या पुढील पाच वर्षांनी दाखवून दिले. तिच्या कारकीर्दीचे महत्त्व या दोन्ही गोष्टींत सारखेच आहे.