लासरूची शस्त्रक्रिया: पिशवी काढायची की नवी वाट करायची

डोळा ओला ठेवणारे पाणी वरच्या पापणीआड, बाहेरच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीत तयार होते आणि पापण्यांच्या उघडझापेबरोबर नाकाकडच्या कोपऱ्यात सरकते. तिथे दोन्ही पापण्यांच्या कडेवर एकेक बारीक छिद्र असते. खालची पापणी किंचित ओढून आरशात पाहिले तर ते दिसते. या छिद्रांपासून निघणाऱ्या दोन सूक्ष्म नलिका सुमारे १० मिलिमीटर लांबीच्या असतात. बहुतेकांमध्ये त्या एकत्र होऊन अश्रुपिशवीत उघडतात. ही पिशवी नाकाच्या मुळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली असते आणि तिच्यातून खाली उतरणारी अश्रुनलिका हाडातून जाऊन नाकात उघडते. रडताना नाक वाहते ते याच वाटेने. ही नलिका खाली बंद झाली की पिशवीत पाणी साचते, त्यात जंतू वाढतात, डोळा दिवसभर गळत राहतो आणि सकाळी चिपडांनी चिकटतो. कोपऱ्यावर बोट दाबले तर छिद्रातून पू वर येतो. हेच लासरू.

आजार जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यांतले ९ डोळ्याच्या सांध्यांचे असून त्यांच्यातल्या पूयालसाची लक्षणे अश्रुपिशवीच्या दाहाशी जुळतात. उपचार रक्तमोक्षण आणि पोटिसाचा. वाटच बंद असेल तर औषधाने ती उघडत नाही, ही अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे. प्रतिजैविकांचे थेंब पू कमी करतात. थेंब थांबले की काही दिवसांत पू परत येतो.

मोठ्या माणसांत लासरू पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होते, तेही बहुधा चाळिशीनंतर. परभणी जिल्ह्यासारख्या शेतीच्या मुलखात त्याचे गांभीर्य वाढते. ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन ही इथली पिके. धाटाचे पान डोळ्याला घासणे, पऱ्हाटीची काडी लागणे, मळणीयंत्रातून उडालेला भुसा डोळ्यात जाणे हे हंगामात कोणालाही होऊ शकते. एरवी बुबुळावरचा असा बारीक ओरखडा एकदोन दिवसांत भरूनही येतो. लासरू असलेल्या डोळ्यात मात्र त्या ओरखड्यावर पिशवीतल्या पुवाचे पाणी सतत येत असते. त्यात न्यूमोकोकससारखे जंतू असले तर बुबुळावर व्रण होतो, आतल्या कप्प्यात पू साचतो आणि थोड्या दिवसांत दृष्टी जाऊ शकते. पदराने डोळा पुसत दहा वर्षे काढलेल्या बाईचे दुखणे म्हणूनच किरकोळ समजू नये. त्या पुसण्यानेही खालची पापणी हळूहळू बाहेर ओढली जाते, छिद्र डोळ्यापासून सुटते आणि गळणे आणखी वाढते.

लासरू आहे हे अनेकांना मोतीबिंदूच्या तपासणीतच पहिल्यांदा कळते. शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाच्या अश्रुपिशवीवर दाब देऊन पाहण्याची पद्धत आहे. पू आला की मोतीबिंदूचे ऑपरेशन थांबवतात, कारण त्या जंतूंचा शिरकाव डोळ्याच्या आत झाला तर डोळाच गमावण्याची वेळ येते. गावाहून तयारीने आलेल्या माणसाला परत पाठवणे जिवावर येते, पण तिथे तडजोड करता येत नाही.

डोळा गळतो म्हणजे नळी बंदच, असे मात्र नाही. पापणी आत वळून केस टोचत असतील, डोळा कोरडा पडून चुरचुरत असेल, चेहऱ्याच्या लकव्याने पापणी मिटत नसेल, तरी पाणी येते. म्हणून आधी नळी धुऊन पाहतात. भुलीचा थेंब टाकून खालचे छिद्र बारीक सळईने किंचित रुंद करायचे, बोथट टोकाची वाकडी सुई आत सरकवायची आणि सलाइन हळू सोडायचे. पाणी घशात उतरले, रुग्णाने गिळले, तर वाट मोकळी. वरच्या छिद्रातून पुवासह उलटे आले तर अडथळा पिशवीच्या खाली. त्याच छिद्रातून स्वच्छ परत आले तर त्या छिद्राची सूक्ष्म नलिकाच बंद. कोणती शस्त्रक्रिया करायची हे इथेच बरेचसे ठरते. कोपरा लाल होऊन सुजला असेल, ठणकत असेल, तर नळी धुण्याचा प्रयत्नही करू नये. आधी प्रतिजैविके आणि शेक, गळू पिकले तर पू काढणे, आणि दाह ओसरल्यावर काही आठवड्यांनी कायमचा इलाज.

तान्ह्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यात नलिकेच्या नाकातल्या तोंडाशी एक पातळ पडदा उघडायचा राहिलेला असतो. बहुतेक बाळांचा पडदा पहिल्या वर्षात आपोआप उघडतो आणि मालिशीने त्याला मदत होते. क्रिग्लर यांनी १९२३ मध्ये सांगितलेली पद्धत आजही तीच आहे: नख कापलेले, धुतलेले बोट कोपऱ्यावर ठेवून नाकाच्या कडेने खाली दाबत न्यायचे, दिवसातून अनेकदा. नुसते कातडीवर बोट फिरवून उपयोग होत नाही. पिशवीतल्या पाण्याचा दाब पडद्यापर्यंत पोचला पाहिजे. आईला हे डॉक्टरांसमोर करायला लावावे, तोंडी सांगून भागत नाही. काजळ घालणे आणि डोळ्यात दुधाचे थेंब पिळणे बंद ठेवावे. वर्ष उलटूनही डोळा गळत राहिला तर भूल देऊन बोमन यांच्या नावाने ओळखली जाणारी सळई नलिकेतून नाकापर्यंत घालतात आणि पडदा फुटतो. काम काही मिनिटांचे असते. मूल मोठे होत जाते तसे यश कमी होते, म्हणून चार-पाच वर्षे वाट पाहणे चुकीचे. सळईने भागले नाही तर सिलिकॉनची नळी काही महिने ठेवतात किंवा फुग्याने नलिका रुंद करतात. बाळाचे बुबुळ मोठे दिसत असेल, ते उजेडाकडे पाहत नसेल, तर मालिशीत वेळ घालवू नये. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो.

मोठ्या माणसांत सळई घालून बंद नळी क्वचितच कायमची उघडते. तिथे जुनी वाट सोडून नवी करावी लागते. अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामधले हाड काढून पिशवी थेट नाकात उघडायची, ही कल्पना इटलीच्या आदेओ तोती यांनी १९०४ मध्ये मांडली. पिशवीचे आणि नाकाचे अस्तर एकमेकांना शिवण्याची सुधारणा १९२१ मध्ये फ्रान्समधल्या द्युप्युई-द्युताँ आणि बूर्गे यांनी केली. रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया डीसीआर म्हणून ओळखली जाते.

मोठ्या माणसाची डीसीआर बहुधा जागेवर भूल देऊन होते. नाकात भुलीच्या औषधात भिजवलेली पट्टी भरतात. तिने अस्तर आकसते आणि रक्त कमी येते. कोपऱ्यापासून नाकाकडे सुमारे १० मिलिमीटरवर लहान छेद घेतात, कारण डोळ्याच्या जवळ गेले तर तिथली शीर लागते. स्नायू बाजूला सारून हाडावरचे आवरण सोडवले की खोबणी दिसते. तिचा मागचा भाग कागदाइतका पातळ, पुढचा जाड. पातळ भागातून शिरून हाडाचे तुकडे पंचाने कुरतडत साधारण १५ मिलिमीटरपर्यंतची खिडकी करतात. रुग्णाला दुखत नाही, पण हाडाचा कटकट आवाज थेट कवटीत ऐकू येतो आणि घशात रक्त उतरते. हे आधी सांगितलेले असले तर माणूस शांत पडून राहतो. मग पिशवी उभी चिरायची, नाकाचे अस्तर चिरायचे, आणि दोन्हींचे पदर बारीक धाग्याने जोडायचे. या टाक्यांत घाई केली तर खिडकी आतल्या व्रणाने पुन्हा बुजते. काम नीट झाले तर दहापैकी नऊ रुग्णांचे डोळे कोरडे होतात.

हीच खिडकी नाकातून दुर्बिणीने करता येते. चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि नाकाचे हाड वाकडे असेल तर त्याच वेळी सरळ करता येते. दुर्बीण, यंत्रे आणि सराव असेल तिथे निकाल बाहेरून केलेल्या शस्त्रक्रियेच्या तोडीचे असतात.

दुसरा पर्याय पिशवीच काढून टाकण्याचा. त्याला डीसीटी म्हणतात. वेळ कमी लागतो, हाड फोडावे लागत नाही, रक्त थोडे जाते आणि पुवाचे घर नाहीसे होते. अश्रूंची वाट मात्र कायमची बंद होते. हृदयविकाराने थकलेला म्हातारा, मुळातच कोरडा डोळा, नाकाचा झिजणारा आजार, पिशवीचा क्षय, यांत हा निर्णय योग्य ठरतो. पिशवीतून रक्त येत असेल किंवा कोपऱ्याच्या वरच्या बाजूला घट्ट गाठ लागत असेल तर ती गाठ कसली हे तपासल्याशिवाय डीसीआर करूच नये. पण वय साठीच्या पुढे आणि गाव लांब, एवढ्यावर पिशवी काढून मोकळे होणे हा रुग्णावर अन्याय आहे. पू जाईल पण पाणी येतच राहील, हे त्याला आधी त्याच्या भाषेत कळले पाहिजे. पूर्वी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पालम-जिंतूरच्या माणसाला नांदेड किंवा संभाजीनगर गाठावे लागे, तेव्हा डीसीटीला निदान सबब होती. २०२३ मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर ती सबब दुबळी झाली आहे.

वरच्या दोन्ही सूक्ष्म नलिका बुजल्या असतील तर डीसीआर एकटी पुरत नाही. तिथे डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकापर्यंत काचेची बारीक नळी बसवतात. ती लेस्टर जोन्स यांच्या नावाने ओळखली जाते. ती सरकते, बुजते, जन्मभर सांभाळावी लागते. नियमित तपासणीला येऊ न शकणाऱ्याला ती बसवू नये.

शस्त्रक्रियेआधी रक्तदाब आटोक्यात हवा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना सांगितलेले हवे. नंतर आठवडा-दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचे नाही, तपकीर ओढायची नाही, गरम चहा आणि वाकून करायची कामे टाळायची. टाके आठवडाभरात निघतात, सिलिकॉनची नळी घातली असेल तर ती दीड ते तीन महिन्यांनी. मोतीबिंदूसाठी थांबलेल्या रुग्णाची नळी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा धुऊन पाहतात. सलाइन सरळ घशात उतरले आणि दाबल्यावर पू आला नाही, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख देतात.